‘प्रोबेबल’ या एका शब्दावर अडलेलं निदान : सार्कॉइडोसिस, मेंदूच्या नसा आणि कोडिंगचा घोळ

सकाळी दात घासून चूळ भरली आणि पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळालं. आरशात पाहिलं तर उजवा डोळा मिटत नाही आणि हसायला गेलं की तोंड डावीकडे ओढलं जातंय. आपल्याकडे याला ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात. डॉक्टर बहुतेक वेळा ‘बेल्स पाल्सी’ असं निदान करतात, स्टिरॉइडचा छोटा कोर्स देतात आणि बरेच जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात.

पण समजा, ही अमेरिकेतल्या अटलांटा शहरातली चाळिशीतली एक बाई आहे. दोन आठवड्यांनी तिच्या चेहऱ्याची दुसरी बाजूही लुळी पडते. मग एका कानाने कमी ऐकू येऊ लागतं. आता डॉक्टर सावध होतात, कारण बेल्स पाल्सी दोन्ही बाजूंना क्वचितच होते आणि ती कानाने ऐकण्याची शक्ती नेत नाही. छातीचं सीटी स्कॅन होतं, त्यात फुप्फुसांच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथी सुजलेल्या दिसतात. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा सापडतात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचे बारीक पुंजके. टीबी नाही, बुरशी नाही. निदान होतं सार्कॉइडोसिसचं.

ही बाई कल्पित आहे, पण तिच्या फाइलचं पुढे जे होतं ते रोज घडतं. ही फाइल बिलासाठी एका मेडिकल कोडरकडे जाते. तो कोडर कदाचित हैदराबाद, चेन्नई किंवा पुण्यातल्या ऑफिसात बसलेला असतो. डॉक्टरांनी शेवटच्या ओळीत लिहिलंय, ‘प्रोबेबल न्यूरोसार्कॉइडोसिस’. म्हणजे चेतासंस्थेचा सार्कॉइडोसिस ‘बहुधा’ आहे. या ‘बहुधा’पाशी सगळं अडतं.

आजार नेमका काय आहे?

सार्कॉइडोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती कुठल्याशा कारणाने भडकते आणि अवयवांमध्ये ग्रॅन्युलोमा तयार होतात. हे कारण अजून सापडलेलं नाही. फुप्फुसं आणि लसिकाग्रंथी ही त्याची नेहमीची ठिकाणं. पण त्वचा, डोळे, हृदय, मूत्रपिंड, सांधे, काहीच सुटत नाही. ‘सार्कॉइड’ हा शब्द नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोक यांनी १८९९ मध्ये वापरला. स्कँडिनेव्हियातले लोक आणि अमेरिकेतले आफ्रिकन-अमेरिकन, विशेषतः स्त्रिया, यांच्यात हा आजार जास्त आढळतो.

साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्ये तो चेतासंस्थेत शिरतो. त्यात सर्वांत जास्त मार बसतो क्रेनिअल नर्व्ह्जना. मेंदूपासून निघून कवटीतल्या छिद्रांमधून बाहेर पडणाऱ्या या नसांच्या १२ जोड्या आहेत. वास, दृष्टी, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याची संवेदना, ऐकणं, गिळणं, जिभेची हालचाल हा सगळा कारभार त्यांच्याकडे असतो. सार्कॉइडोसिसमध्ये सातवी नस, म्हणजे चेहऱ्याची फेशियल नर्व्ह, सर्वांत जास्त वेळा बाधित होते. दुसरी, म्हणजे दृष्टीची ऑप्टिक नर्व्ह, बाधित झाली तर प्रकरण जास्त गंभीर असतं. तिथे उपचाराला उशीर झाला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही.

म्हणजे आजार तोच, पण चेहरा वाकडा होणं आणि दिसेनासं होणं यात फरक केवढा! हा फरक कोडमध्ये किती उतरतो, ते आता बघू.

कोड कुठे आहे?

जागतिक आरोग्य संघटना आजारांचं एक वर्गीकरण चालवते, त्याचं नाव आयसीडी. अमेरिकेने त्याची दहावी आवृत्ती आपल्या गरजेप्रमाणे वाढवून घेतली, ती आयसीडी-१०-सीएम. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत ती लागू आहे आणि दरवर्षी १ ऑक्टोबरला तिची नवी यादी येते. त्याआधीच्या नवव्या आवृत्तीत सार्कॉइडोसिसला मुळात एकच कोड होता, १३५. फुप्फुसात असो, त्वचेत असो, तो १३५. कुठल्या अवयवाला बाधा झाली ते सांगायचं तर दुसरा कोड शेजारी जोडावा लागे, आणि तो जोडायचा राहून गेला की माहिती गेली.

नव्या यादीत हा आजार अवयवांप्रमाणे वाटला गेला. फुप्फुसासाठी डी८६.०, लसिकाग्रंथींसाठी डी८६.१, दोन्हींसाठी डी८६.२, त्वचेसाठी डी८६.३, मेंदूच्या आवरणासाठी डी८६.८१. आणि डी८६.८२ चं नाव आहे, सार्कॉइडोसिसमधली ‘मल्टिपल क्रेनिअल नर्व्ह पाल्सीज’, म्हणजे अनेक क्रेनिअल नसांचा लुळेपणा. बाकी राहिलेल्या जागांसाठी डी८६.८९.

कागदावर हे सुटसुटीत दिसतं. त्यातल्या ‘मल्टिपल’ या शब्दाचं काय करायचं?

एकच नस बाधित असेल तर?

सार्कॉइडोसिसच्या रुग्णाची फक्त सातवी नस, तीही एकाच बाजूची, लुळी पडली असेल तर तिला ‘मल्टिपल’ म्हणता येत नाही. कोडच्या पुस्तकाला दोन भाग असतात. एक अक्षरांच्या क्रमाने लावलेली सूची, दुसरा मुख्य यादी. सूचीत ‘सार्कॉइडोसिस’खाली ‘क्रेनिअल नर्व्ह पाल्सीज’ असं शोधलं की थेट डी८६.८२ दिसतो, ‘मल्टिपल’ हा शब्द तिथे नाही. मुख्य यादीत मात्र तो आहे. आणि नियम असा की सूचीवर थांबायचं नाही, मुख्य यादीत जाऊन खात्री करायची.

शब्दाला धरून चालायचं तर एका नसेसाठी डी८६.८९ आधी आणि त्याच्यासोबत जी५३ घ्यावा लागतो. जी५३ म्हणजे दुसऱ्या आजारामुळे झालेला क्रेनिअल नसेचा विकार. जी५३ च्या खाली स्पष्ट टीप आहे की सार्कॉइडोसिसमधल्या अनेक नसांचा लुळेपणा इथे टाकू नका, तो डी८६.८२ मध्ये जातो. एका नसेबद्दल टीप काही म्हणत नाही. नवशिके कोडर सूची बघून डी८६.८२ टाकून मोकळे होतात. अनुभवी कोडर डॉक्टरांना विचारतो की नस एक आहे की जास्त.

इतिहासातला एक गमतीदार तिढाही इथे सापडतो. १९०९ मध्ये डेन्मार्कचे नेत्रतज्ज्ञ ख्रिस्तियन हीरफोर्ड यांनी ताप, डोळ्याच्या आतली सूज आणि कानाखालच्या लाळग्रंथींची सूज असलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. त्यात चेहऱ्याची नस लुळी पडणं हेही येतं. सार्कॉइडोसिस आणि चेहऱ्याचा लुळेपणा यांचं नातं डॉक्टरांना माहीत झालं ते या लक्षणसमूहावरून. आणि आजच्या यादीत हीरफोर्डचा हा ताप आहे कुठे? डी८६.८९ मध्ये, ‘इतर जागा’ या खात्यात.

आणखी एक सापळा आहे जी५१.० चा. हा बेल्स पाल्सीचा कोड. आमच्या कल्पित रुग्ण पहिल्या दिवशी इमर्जन्सीत गेल्या तेव्हा फाइलवर तोच लागला, आणि त्या दिवसापुरता तो बरोबरही होता. पण इलेक्ट्रॉनिक फाइलमध्ये जुन्या नोंदी नव्या भेटीत जशाच्या तशा उतरतात. सार्कॉइडोसिसचं निदान झाल्यावरही ‘बेल्स पाल्सी’ यादीत तशीच राहते. मग एकाच चेहऱ्याच्या एकाच लुळेपणाची दोन कारणं कागदावर नांदतात. बेल्स पाल्सी म्हणजे कारण न सापडलेला लुळेपणा. कारण सापडलं की तो शब्द काढून टाकायला हवा, आणि हे काम कोडरचं नाही, डॉक्टरांचं आहे.

‘प्रोबेबल’ म्हणजे हो की नाही?

आता मूळ प्रश्नाकडे. न्यूरोसार्कॉइडोसिसचं निदान कसं करायचं यावर तज्ज्ञांच्या एका गटाने २०१८ मध्ये निकष मांडले. त्यात खात्रीच्या तीन पायऱ्या आहेत. चेतासंस्थेच्याच ऊतीची बायोप्सी करून ग्रॅन्युलोमा दिसले तर ‘डेफिनिट’. शरीराच्या दुसऱ्या भागात, उदाहरणार्थ लसिकाग्रंथीत, बायोप्सीने आजार सिद्ध झाला आणि नसांचं चित्र, एमआरआय, मणक्यातल्या पाण्याची तपासणी त्याच्याशी जुळली, इतर कारणं वगळली गेली, तर ‘प्रोबेबल’. बायोप्सीच नसेल, पण बाकी सगळं जुळत असेल तर ‘पॉसिबल’.

चेहऱ्याच्या किंवा डोळ्याच्या नसेचा तुकडा कापून तपासायला कोण देईल, आणि कोणता सर्जन घेईल? नस वाचवायची म्हणून तर उपचार चालू आहेत. त्यामुळे क्रेनिअल नसांच्या बाबतीत ‘प्रोबेबल’ ही बहुतेकदा गाठता येणारी सर्वांत वरची पायरी असते. डॉक्टरच्या तोंडी हा शब्द डळमळीत नाही. सगळं तपासून, टीबी आणि इतर संसर्ग वगळून, उपचार सुरू करण्याइतकी खात्री त्यात असते.

कोडिंगच्या नियमावलीत मात्र ‘प्रोबेबल’ हा शब्द थेट अनिश्चित निदानांच्या यादीत आहे, ‘सस्पेक्टेड’ आणि ‘रूल आउट’च्या पंगतीत. आणि त्याचा अर्थ रुग्ण कुठे आहे यावर बदलतो. रुग्ण इस्पितळात दाखल होऊन डिस्चार्ज घेत असेल आणि डिस्चार्जच्या वेळी ‘प्रोबेबल’ लिहिलं असेल, तर आजार आहे असं धरून कोड लावायचा. रुग्ण ओपीडीत असेल तर आजाराचा कोड लावायचाच नाही, फक्त ज्याची खात्री आहे तेवढं आणि लक्षणं नोंदवायची.

म्हणजे अटलांटातल्या या बाई आठवडाभर दाखल राहून घरी गेल्या तर त्यांना डी८६.८२ मिळू शकतो. पंधरा दिवसांनी त्याच डॉक्टरांच्या ओपीडीत त्या आल्या, डॉक्टरांनी तोच शब्द लिहिला, तर कागदावर उरतं काय? बायोप्सीने सिद्ध झालेल्या लसिकाग्रंथींच्या सार्कॉइडोसिसचा डी८६.१ आणि ‘चेहऱ्याची कमजोरी’ या लक्षणाचा आर२९.८१०. दरम्यान नसा तशाच आहेत, गोळ्याही त्याच चालू आहेत.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. नियमावलीत ‘विथ’ नावाचा एक नियम आहे. सूचीत एखाद्या आजाराखाली ‘विथ’ म्हणून दुसरी अवस्था दिली असेल, तर त्या दोघांमध्ये कारण-परिणामाचं नातं आहे असं गृहीत धरायचं, डॉक्टरांनी तसं लिहिलं नसलं तरी. नातं नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलं असेल तरच सोडायचं. सार्कॉइडोसिसखाली ‘विथ क्रेनिअल नर्व्ह पाल्सीज’ अशी ओळ आहेच.

परिणाम बघा. एक डॉक्टर घाईत फक्त दोन गोष्टी लिहितो, ‘सार्कॉइडोसिस’ आणि ‘क्रेनिअल नर्व्ह पाल्सीज’. नातं सांगत नाही, विचारही लिहीत नाही. ‘विथ’च्या नियमाने त्याच्या रुग्णाला डी८६.८२ मिळतो. दुसरा डॉक्टर सगळ्या तपासण्या नोंदवतो, निकषांप्रमाणे प्रामाणिकपणे ‘प्रोबेबल न्यूरोसार्कॉइडोसिस’ लिहितो. त्याच्या ओपीडीतल्या रुग्णाला तो कोड मिळत नाही. कमी लिहिणाऱ्याचं काम होतं, नीट लिहिणाऱ्याचं अडतं.

उलटी चूकही होऊ शकते. फुप्फुसाचा जुना सार्कॉइडोसिस असलेल्या माणसाला मधुमेह आहे आणि मधुमेहामुळे डोळा फिरवणाऱ्या नसा लुळ्या पडल्यात. डॉक्टरांनी कारण लिहिलं नाही तर ‘विथ’चा नियम तो लुळेपणा सार्कॉइडोसिसच्या खात्यावर ढकलू शकतो. शब्द जुळवून कोड सुचवणारी सॉफ्टवेअर्स आता सर्रास वापरात आहेत. अशी चूक त्यांच्या हातून जास्त वेगाने होईल, हे सांगायला नको.

कोड चुकला तर बिघडतं काय?

पहिला फटका औषधाला. न्यूरोसार्कॉइडोसिसमध्ये सुरुवात स्टिरॉइडने होते. ते पुरलं नाही किंवा फार काळ द्यावं लागलं तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं येतात, आणि गंभीर रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅबची सलाइन दिली जाते. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इन्फ्लिक्सिमॅबला संधिवात, क्रोन्स वगैरे आजारांसाठी मंजुरी दिली आहे, सार्कॉइडोसिससाठी नाही. तज्ज्ञ ते वापरतात, तरी विमा कंपनीच्या लेखी तो ‘ऑफ-लेबल’ वापर. म्हणून आधी परवानगी मागावी लागते. परवानगीच्या अर्जावर लसिकाग्रंथींचा सार्कॉइडोसिस आणि ‘चेहऱ्याची कमजोरी’ एवढंच दिसलं, तर महागडं औषध कशाला, असा प्रश्न कंपनीने विचारला तर नवल नाही. मग अपील, पत्रं, डॉक्टरांचे फोन. ज्या रुग्णाची ऑप्टिक नर्व्ह धोक्यात आहे त्याला हे आठवडे परवडत नाहीत.

दुसरा फटका मोजणीला. दुर्मीळ आजार किती जणांना आहे हे बऱ्याचदा कोडवरूनच कळतं. स्वीडनमध्ये सार्कॉइडोसिसचे रुग्ण राष्ट्रीय नोंदवहीतल्या कोडवरून मोजले गेले, आणि तिथल्या संशोधकांनी एका भेटीतल्या कोडवर विश्वास न ठेवता किमान दोन भेटींत कोड असलेलेच रुग्ण धरले. त्यांना माहीत होतं की एकदाच लागलेला कोड नुसता संशयही असू शकतो. उलट, ओपीडीत कायम लक्षणाच्या कोडवर राहिलेला रुग्ण अशा मोजणीत सापडतच नाही.

आणि डी८६.८२ नीट लागला तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो. कोणती नस, कोणती बाजू, हे त्यात नाही. दुसरी आणि तिसरी असो वा सातवी आणि आठवी, कोड तोच. डॉक्टरांसाठी या १२ जोड्या एक कुटुंब आहे. पुस्तकाने मात्र त्यांची वाटणी केली आहे. चेहऱ्याची नस चेतासंस्थेच्या प्रकरणात, दृष्टीची आणि डोळा फिरवणाऱ्या नसा डोळ्यांच्या प्रकरणात, ऐकण्याची कानाच्या प्रकरणात. त्यामुळे डॉक्टरांच्या नोंदीत नसेचा क्रमांक आणि बाजू लिहिलेली नसेल, तर ती माहिती फाइलमधून कायमची गेली.

मग डॉक्टरांनी लिहायचं कसं?

नियमावलीतच एक वाट आहे. कोड ठरतो तो आजार आहे या डॉक्टरांच्या विधानावर, कोडरने निकष तपासून नव्हे. म्हणजे डॉक्टरांची वैद्यकीय खात्री झाली असेल, तर ती सरळ विधान म्हणून लिहावी आणि निकषांची पायरी वेगळ्या ओळीत द्यावी. उदाहरणार्थ : ‘उजव्या व डाव्या सातव्या नसेचा आणि उजव्या आठव्या नसेचा लुळेपणा, सार्कॉइडोसिसमुळे. लसिकाग्रंथीच्या बायोप्सीने आजार सिद्ध. टीबी व इतर संसर्ग तपासून वगळले. २०१८ च्या निकषांप्रमाणे पायरी : प्रोबेबल. उपचार चालू.’ यात खोटं काही नाही. निदान विधानात आहे, पुराव्याची पातळी तिच्या जागी आहे. खरंच खात्री नसेल तर मात्र संशय हा संशयच लिहायचा. औषध मिळावं म्हणून खात्रीचा शब्द घालणं अमेरिकेत फसवणुकीत मोडू शकतं.

कोडरलाही मर्यादा आहे. तो डॉक्टरांना प्रश्न पाठवू शकतो, पण ‘हा न्यूरोसार्कॉइडोसिसच आहे ना?’ असं उत्तर सुचवणारा प्रश्न विचारणं व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. फाइलमध्ये काय दिसतंय ते मांडायचं, पर्याय द्यायचे, ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही पर्याय ठेवायचे.

भारतात काय चित्र आहे?

आपल्याकडे जागतिक संघटनेची मूळ आयसीडी-१० वापरली जाते. तिच्यात डी८६.८२ नाहीच. तिथे दोन कोडची जोडी लागते : मूळ आजारासाठी डी८६.८ आणि त्याच्या परिणामासाठी जी५३.२. पहिल्याला कट्यारीची खूण, दुसऱ्याला तारका. आरोग्य विम्याच्या क्लेम फॉर्मचा ‘भाग ब’ रुग्णालय भरतं, त्यात आयसीडी-१० कोडचे रकाने असतात. लहान रुग्णालयात वेगळा कोडर नसतो, विम्याचं टेबल सांभाळणारा कर्मचारीच डिस्चार्ज कार्ड बघून रकाना भरतो. त्याने फक्त डी८६.८ लिहिला तर नसा कागदावरून गायब.

भारतातली मोठी अडचण मात्र कोडच्याही आधीची आहे. इथे ग्रॅन्युलोमा म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तही आहे. टीबीतही मेंदूच्या नसा लुळ्या पडतात. सार्कॉइडोसिस समजून टीबीच्या रुग्णाला नुसतं स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब दिलं तर टीबी उसळू शकतो. टीबी समजून सार्कॉइडोसिसच्या रुग्णाला महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या दिल्या तर नस तोवर वाट बघत नाही. म्हणून ‘टीबी कोणत्या तपासणीने वगळला’ ही ओळ भारतातल्या डिस्चार्ज कार्डावर जास्तच महत्त्वाची आहे. पुढचा डॉक्टर तीच ओळ शोधतो.

आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून जगासाठी खुली आहे. तिच्यात एका मूळ कोडला जागा, बाजू, परिणाम असे कोड जोडता येतात, म्हणजे ‘डावी सातवी नस’ असं लिहिण्याची सोय आहे. अमेरिकेतली बिलं अजून दहाव्या आवृत्तीवरच चालतात. अटलांटातल्या त्या बाईंची ओपीडीची फाइल सध्या ‘क्वेरी पेंडिंग’ या रकान्यात आहे. डॉक्टरांकडे प्रश्न गेलाय : बाधित नसा कोणत्या, बाजू कोणती, आणि त्यांचं कारण तुमच्या मते काय? उत्तर येईपर्यंत क्लेम होल्डवर.